कालचे औषध आज का लागू पडत नाही?

ऑक्टोबर छाटणी उरकलेली असते. ओलांड्यावर कोवळे कोंब फुटू लागतात, आणि नेमके त्याच वेळी आभाळ भरून येते. दोन दिवस रिमझिम, सकाळी दव, आणि तिसऱ्या दिवशी पानावर तेलकट पिवळसर डाग. पान उलटून पाहावे तर खाली पांढरी बुरशी. केवडा, ज्याला आपण सारे डाऊनी म्हणतो, तो आला. मग शेतकरी फवाऱ्याकडे धावतो. चार वर्षांपूर्वी ज्या औषधाने दोन दिवसांत बाग स्वच्छ केली होती तेच औषध, तेच प्रमाण, तोच पंप. पण यंदा डाग हटत नाहीत. दुकानदार म्हणतो, "आता हे चालत नाही भाऊ, दुसरे न्या."

नाशिक, निफाड, दिंडोरी, चांदवड या भागातल्या द्राक्षबागायतदाराला हा अनुभव नवा नाही. औषध खोटे नव्हते, फवारणीही चुकली नव्हती, तरी रोगाने दाद दिली नाही. असे का होते, हे ज्याला नीट उमगले त्याला माणसाच्या एका कठीण दुखण्यातले कोडेही उमगू शकते. ते दुखणे म्हणजे फुप्फुसाचा कर्करोग. त्याची ओळख आज आपण करून घेऊ.

एका घरातली गोष्ट

एक घर डोळ्यांपुढे आणू या. घर कल्पनेतले आहे, पण त्यातले दुःख आपल्याकडच्या कितीतरी घरांनी भोगलेले आहे.

निफाड तालुक्यातले हे कुटुंब. चार एकर द्राक्षबाग, दोन म्हशी. घरातली आई अठ्ठावन्न वर्षांची. तिने जन्मात विडीला हात लावला नाही, मात्र चाळीस वर्षे चुलीपुढे धूर खाल्ला. तिला खोकला लागला. महिना झाला, दोन महिने झाले. छातीचा फोटो काढला तर फुप्फुसात सावली दिसली. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नाहीत, तरी क्षयच असेल असे धरून गोळ्या सुरू झाल्या. वजन घटतच गेले. शेवटी नाशिकला सुई घालून तुकडा तपासला तेव्हा कळले, की हा कर्करोग आहे आणि तो हाडांपर्यंत पोचला आहे.

घरावर जणू वीज कोसळली. पण मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात त्याच तुकड्याची आणखी एक तपासणी झाली, जनुकांची. डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहून दिली. महिन्याभरात आईचा खोकला बसला, जेवण जाऊ लागले. घडांची विरळणी सुरू झाली तेव्हा ती बागेत येऊन बायकांना कामही सांगू लागली. असे अकरा महिने गेले. मग एका रात्री पुन्हा खोकल्याची उबळ आली. नवा फोटो काढला, सावली पुन्हा वाढलेली.

आता घरात काय झाले ते ऐका. चांदवडला दिलेली नणंद भेटायला आली. ती म्हणाली, "वहिनी, गोळी वेळेवर देत होतात ना?" शेजारीण म्हणाली, "पथ्य मोडलं असेल." वडील म्हणाले, "दुकानदाराने नकली औषध दिलं." सून काहीच बोलली नाही. अक्षय्यतृतीयेला पाहुण्यांच्या गडबडीत एके दिवशी तिच्याकडून गोळी चार तास उशिरा दिली गेली होती. तेवढ्यानेच सासूचे दुखणे उलटले, असे तिच्या मनाने घेतले होते. ती रात्र रात्र जागत असे.

मुलगा फाइल घेऊन डॉक्टरांकडे गेला. त्याने एकच प्रश्न विचारला, "डॉक्टरसाहेब, चूक कोणाची झाली?"

डॉक्टर म्हणाले, "भाऊसाहेब, कोणाचीच नाही. तुमची द्राक्षबाग आहे ना? मग डाऊनीवरचं जुनं औषध आता का चालत नाही, ते आधी समजून घ्या. हेही तसंच आहे."

एका अक्षराचा फरक

प्रत्येक जिवंत पेशीत एक पोथी असते. झाडाच्या पेशीत असते, बुरशीच्या पेशीत असते, माणसाच्याही असते. पेशीने काय घडवायचे, केव्हा वाढायचे, केव्हा थांबायचे, हे सारे तिच्यात लिहिलेले असते. या पोथीची लिपी फक्त चार अक्षरांची आहे. माणसाची पोथी सुमारे तीनशे कोटी अक्षरांची आहे. तिच्यातील एकेका अध्यायाला जनुक म्हणतात. जनुक वाचून पेशी प्रथिने तयार करते. प्रथिन म्हणजे जणू मण्यांची माळ. कितव्या जागी कोणता मणी यायचा ते जनुकाने ठरवलेले असते.

पेशी दुभंगते तेव्हा सगळी पोथी उतरून घ्यावी लागते. तीनशे कोटी अक्षरे उतरताना एखादे चुकणारच. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही. काही चुका पेशी स्वतःच दुरुस्त करते. पण क्वचित एखादी चूक मोक्याच्या जागी होते.

फुप्फुसाच्या पेशीवर ईजीएफआर नावाचे एक प्रथिन असते. बाराशेहून अधिक मण्यांची ही माळ म्हणजे विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरसारखी आहे. बाहेरून निरोप आला की बटण दाबले जाते आणि पेशी वाढते. निरोप थांबला की बटण सुटते. पण पोथीतील या अध्यायात विशिष्ट चूक झाली, तर बटण दाबलेलेच अडकून बसते. मोटार अहोरात्र चालू राहते, पेशी वाढतच जाते. त्यातूनच गाठ होते.

२००४ साली अमेरिकेतील बोस्टन व न्यूयॉर्क येथील संशोधकांनी ही चूक हुडकून काढली. त्यापूर्वी जेफिटिनिब नावाची गोळी निघालेली होती, पण ती काही मोजक्याच रुग्णांना जादूसारखी लागू पडे आणि बाकीच्यांना मुळीच नाही. का, ते कळत नव्हते. आता उलगडा झाला. ज्यांच्या गाठीत हे अडकलेले बटण होते, त्यांनाच ती लागू पडत होती. स्टार्टरमध्ये वीज जिथून शिरते त्या खाचेत ही गोळी जाऊन बसते. वीज तुटते आणि मोटार थांबते.

आपल्याकडे हे बटण किती जणांत अडकलेले असते? मुंबईच्या टाटा रुग्णालयात ९०७ रुग्णांच्या गाठी तपासल्या गेल्या. फुप्फुसाच्या कर्करोगाचा जो प्रकार सर्वांत जास्त आढळतो, त्या प्रकारचे हे रुग्ण. त्यांपैकी शेकडा २३ जणांत हा बदल सापडला. २०१३ साली ही माहिती प्रसिद्ध झाली. म्हणजे चौघांत जवळजवळ एक. विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांत आणि स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक असते. "विडी ओढत नाही, तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग होणार नाही," असे म्हणून चालत नाही, ते यासाठीच.

औषध बदल घडवत नाही, निवड करते

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अकरा महिने चाललेली गोळी बारावा महिना का चालली नाही?

एक सेंटीमीटरची लहानशी गाठ घेतली तरी तिच्यात कोट्यवधी पेशी असतात. पसरलेल्या कर्करोगात तर त्यांची गणतीच नाही. प्रत्येक पेशी दुभंगताना पोथी उतरवली जाते आणि नव्या चुका होत राहतात. त्या गर्दीत एखाद्या पेशीत अशी चूक होते, की स्टार्टरच्या माळेतला ७९० क्रमांकाचा मणी बदलतो. अक्षर बदलले एकच, मणी बदलला एकच. पण त्यामुळे खाचेची ठेवण अशी होते, की वीज पुन्हा जोराने ओढली जाते आणि गोळीला तिथे टिकाव धरता येत नाही. शास्त्रज्ञ या बदलाला 'टी ७९० एम' म्हणतात. २००५ साली त्याचा शोध लागला. जेफिटिनिबसारख्या गोळ्या ज्यांना चालेनाशा होतात, त्यांच्यापैकी साधारण निम्म्या किंवा थोड्या अधिक रुग्णांत हाच बदल आढळतो.

अशी एखादी पेशी कधी गोळी सुरू होण्यापूर्वीच गर्दीत दडलेली असते, कधी उपचार चालू असताना जन्माला येते. गोळीने बाकीच्या पेशी मारल्या, म्हणून गाठ आटली आणि आईला बरे वाटले. पण ती एक पेशी मागे राहिली. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. मैदान मोकळे होते. काही महिन्यांनी जी गाठ उभी राहिली ती तिच्याच वंशाची. तिच्यावर जुन्या गोळीचा काय परिणाम होणार?

द्राक्षबागेत अगदी हेच घडते. स्ट्रोबिल्युरिन गटातील बुरशीनाशके बाजारात आली तेव्हा त्यांनी डाऊनीवर उत्तम काम केले. ही औषधे बुरशीच्या एकाच प्रथिनाच्या एकाच खाचेवर काम करतात. बुरशीच्या असंख्य बीजाणूंत एखाद्यात त्या प्रथिनातला १४३ क्रमांकाचा मणी बदलला, की औषध तिथे बसत नाही. इथेही अक्षर बदलते ते एकच. फवारणीने इतर मरतात, तो एक उरतो आणि पुढच्या पावसात सारी बाग त्याच्या संततीने भरते. युरोपातील द्राक्षबागांत हे काही वर्षांतच दिसून आले. महाराष्ट्रातील बागांतही या औषधांना दाद न देणारी डाऊनी असल्याचे पुण्याजवळील मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी २०१६ साली नोंदवले.

दोन्हीकडे औषधाने रोगाला 'शिकवले' नाही, आणि रोगी औषधाला 'सवकला' असेही नाही. औषधाने फक्त निवड केली. जे कच्चे होते ते गेले, जे पक्के होते ते उरले.

सून निर्दोष आहे, ते यामुळे. क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडल्या तर जंतू निर्ढावतात, हे आपण ऐकलेले असते आणि ते खरेही आहे. म्हणून कर्करोगातही तसेच झाले असेल, असे वाटणे साहजिक आहे. पण इथे रोज घड्याळ लावून गोळी घेतली तरी बहुतेक रुग्णांत ती कधी ना कधी चालेनाशी होते. चार तासांच्या उशिराने, वांग्याच्या भाजीने किंवा लोणच्याच्या फोडीने ७९० वा मणी बदलत नाही.

बाग आणि माणूस यांतला फरक

तुलना कुठवर न्यायची तेही सांगितले पाहिजे. डाऊनीचे बीजाणू वाऱ्या-पावसाने शेजारच्या बागेत जातात. कर्करोग असा पसरत नाही. रुग्णाच्या ताटात जेवल्याने, शेजारी झोपल्याने, नातवंडाला मांडीवर घेतल्याने तो कोणालाही लागत नाही. आजीला नातवापासून दूर ठेवणे हे तिच्या दुखण्यावर आणखी एक दुखणे आहे.

दुसरी गोष्ट लग्नाच्या मुलींची. "जनुकाचा रोग" हा शब्द कानावर पडला, की खानदानात दोष आहे अशी कुजबुज सुरू होते. हे बदल गाठीतल्या पेशींत, त्या माणसाच्या हयातीत झालेले असतात. आईकडून मुलीकडे ते सहसा जात नाहीत. अपवाद फार विरळा. आजीच्या तपासणीच्या कागदावर जनुकाचे नाव आहे एवढ्यावरून नातीचे स्थळ मोडू नये.

नवी गोळी आणि नवी चूक

खाचेची ठेवण कळल्यावर शास्त्रज्ञांनी त्या बदललेल्या खाचेत घट्ट बसेल अशी नवी गोळी घडवली. तिचे नाव ओसिमर्टिनिब. २०१५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. टी ७९० एम असलेल्या ४१९ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली आले. सलाइनमधून देण्याच्या नेहमीच्या औषधांनी रोग साधारण ४.४ महिने आटोक्यात राहिला, तर या गोळीने १०.१ महिने. पुढे ही गोळी सुरुवातीपासूनच देऊन पाहिली. जुन्या गोळ्यांनी रोग वाढायला सरासरी १०.२ महिने लागत, हिने १८.९ महिने लागले.

म्हणून प्रश्न मिटला काय? नाही. नव्या गोळीवरही गाठीने उत्तर काढले. काही रुग्णांत ७९७ क्रमांकाचा मणी बदलला. ही गोळी नेमकी त्याच मण्याला चिकटून बसत असे. काहींत गाठीने वेगळीच वाट धरली. मुख्य पाटाला बांध घातला तर पाणी बाजूने चर काढते, तसे ईजीएफआर बंद पडल्यावर पेशीने 'मेट' नावाचे दुसरे बटण वापरायला सुरुवात केली. बोस्टनच्या संशोधकांनी २००७ साली ही वाट दाखवून दिली. थोड्या रुग्णांत तर गाठीने आपली जातच बदलली आणि ती लहान पेशींच्या वेगळ्या कर्करोगासारखी झाली.

२००७ सालीच जपानमधील संशोधकांनी फुप्फुसाच्या कर्करोगात एएलके नावाच्या आणखी एका जनुकाची मोडतोड शोधली. तिच्यावरही गोळ्या निघाल्या, आणि त्यांनाही दाद न देणारे बदल सापडले.

यातून शेतकऱ्याने एकच गोष्ट लक्षात ठेवावी. गोळी थांबण्याची कारणे अनेक आहेत आणि प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा आहे. बागेवर डाग दिसला की करपा आहे, डाऊनी आहे की भुरी आहे हे पाहिल्याशिवाय आपण फवारत नाही. मग माणसाच्या बाबतीत अंदाजाने औषध का बदलायचे? दुखणे उलटले, की पुन्हा तपासणी झाली पाहिजे.

मिश्रणाची युक्ती आणि परळची चाचणी

बागायतदाराजवळ आणखी एक शहाणपण आहे. एकाच आंतरप्रवाही औषधावर तो सारा हंगाम काढत नाही. त्याच्याबरोबर स्पर्शजन्य औषध मिसळतो, किंवा आलटून-पालटून फवारतो. बोर्डो मिश्रण एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील द्राक्षबागांत निघाले आणि अजून चालते. त्यातले तांबे बुरशीवर एका खाचेत नव्हे, तर अनेक ठिकाणी घाव घालते. एका अक्षराच्या बदलाने त्यातून सुटका होत नाही.

असाच विचार परळच्या टाटा रुग्णालयात झाला. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेले हे रुग्णालय आज केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली चालते. तिथल्या डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५० रुग्णांवर एक चाचणी केली. हे सर्व रुग्ण अडकलेल्या बटणाचे, रोग पसरलेले होते. निम्म्यांना नुसती जेफिटिनिबची गोळी दिली. उरलेल्यांना गोळीबरोबरच सलाइनमधून पेमेट्रेक्सेड व कार्बोप्लॅटिन ही नेहमीची औषधे दिली. गोळी एका खाचेवर काम करणारी, आणि ही दोन औषधे वाढणाऱ्या पेशींवर सरसकट घाव घालणारी.

नुसत्या गोळीने रोग वाढायला सरासरी ८ महिने लागले, तर मिश्रणाने १६ महिने. एकूण आयुष्यही मिश्रण घेणाऱ्यांचे जास्त लाभले. २०१९ साली हे निष्कर्ष जगापुढे मांडले गेले आणि देशोदेशीच्या डॉक्टरांनी त्यांची दखल घेतली. यातली औषधे भारतीय कंपन्या बनवतात, त्यामुळे नव्या परदेशी गोळीच्या मानाने ती परवडण्याजोगी आहेत. पुढे २०२३ साली ओसिमर्टिनिबबरोबरही असेच मिश्रण करून पाहिले, आणि तिथेही रोग आटोक्यात राहण्याचा काळ वाढला.

मात्र दुसरी बाजूही सांगायला हवी. परळच्या चाचणीत नुसत्या गोळीने शंभरातल्या पंचवीस जणांना गंभीर त्रास झाला. मिश्रणाने तो एक्कावन्न जणांना झाला. रक्त कमी होणे, पांढऱ्या पेशी घटणे, अशक्तपणा असे हे त्रास. तेव्हा मिश्रण प्रत्येकाला मानवेल असे नाही. रुग्णाचे वय, ताकद आणि मूत्रपिंडाची अवस्था पाहून डॉक्टर ठरवतात. त्यांना विचारण्याचा हक्क मात्र आपला आहे.

घरच्यांनी काय करावे?

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, थुंकीत रक्त, वजन घटणे, छातीत किंवा हाडांत सतत दुखणे, यांपैकी काही असेल तर तपासणी करून घ्यावी. आधी क्षयाची तपासणी होणे योग्यच आहे. पण थुंकीत जंतू सापडले नाहीत आणि काही आठवडे गोळ्या घेऊनही सुधारणा नसेल, तर "डॉक्टर, हे दुसरे काही असेल का?" असे स्पष्ट विचारावे. त्यात उद्धटपणा नाही.

कर्करोग ठरला तर गोळी सुरू होण्यापूर्वी जनुकांची तपासणी झाली का ते विचारावे. तपासलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो. दुसऱ्या रुग्णालयात जाताना तो ठोकळा आणि सगळे रिपोर्ट मागून घ्यावेत. सातबारा जपतो तसे ते जपावेत. सुई पुन्हा घालण्याचा त्रास काही वेळा त्यामुळे वाचतो.

गोळी रोज ठरल्या वेळी घ्यावी. चुकून उशीर झाला तर घाबरू नये आणि दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. अंगावर पुरळ, जुलाब, नखांच्या कडा दुखणे असे त्रास होतात. ते डॉक्टरांना कळवावेत, त्यांवर उपाय आहेत. आम्लपित्ताच्या काही गोळ्यांमुळे जेफिटिनिब अंगी नीट लागत नाही, म्हणून दुकानातून मनाने त्या आणू नयेत. काढा, भस्म, जडीबुटी काहीही चालू असेल तर लपवू नये. गावात दुसऱ्या कोणाच्या उरलेल्या गोळ्या "तुम्हालाही तोच रोग आहे" म्हणून कधीही घेऊ नयेत. रोगाचे नाव एक असले तरी पोथीतली चूक वेगळी असते.

खोकला परतला तर गोळी आपल्या मनाने बंद करू नये आणि "आता संपले" म्हणून घरीही बसू नये. नवा स्कॅन करावा. रोग वाढलेला असेल तर जनुकांची फेरतपासणी होईल का, ते विचारावे. गाठीतले तुटके धागे रक्तात उतरतात, म्हणून हल्ली नुसत्या रक्तावरूनही ही तपासणी करता येते. रक्तात बदल सापडला तर काम सोपे होते. रक्तात काही दिसले नाही, तर बदल नाहीच असे मात्र समजू नये. मग पुन्हा तुकडा काढावा लागतो.

खर्चाचा प्रश्न मोठा आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. कोणता उपचार बसतो आणि कोणता बसत नाही, ते योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारावे. रेशनकार्ड व आधारकार्ड बरोबर न्यावे. मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो. तो गरजू रुग्णांना धर्मादाय मदतीची वाट दाखवतो. ओसिमर्टिनिब महाग आहे. तिच्यावरील सीमाशुल्क २०२४ च्या जुलैमधील अर्थसंकल्पात माफ करण्यात आले, तरी सामान्य शेतकऱ्याला ती जड जाते. म्हणून शेत गहाण टाकण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, "यापेक्षा स्वस्त आणि जवळजवळ तितकाच चांगला उपाय आहे का?" परळची चाचणी डोळ्यांपुढे ठेवून असे विचारणे गैर नाही.

घरात विडी-सिगारेट असेल तर ती आजच सुटली पाहिजे. या रोगाचे सर्वांत मोठे कारण अजूनही तंबाखूचा धूर हेच आहे. चुलीचा धूर आणि विडीचा धूर घरातल्या न ओढणाऱ्यांच्याही छातीत जातो.

खरे बोलावे, धीर सोडू नये

हा रोग पसरल्यावर सहसा समूळ जात नाही, हे सांगताना मन जड होते. पण खोटी आशा दाखवणे पाप आहे. एक गोळी, मग दुसरी, मग मिश्रण, अशी ही झुंज आहे. पोथीत एक अक्षर बदलते, माणूस त्यावर तोडगा काढतो, मग दुसरे अक्षर बदलते. तरीही वीस वर्षांपूर्वी ज्यांच्या हातात काही महिनेच असत, त्यांतल्या कित्येकांना आज दोन-तीन वर्षे, काहींना त्याहूनही जास्त मिळतात. मुलीचे लग्न, नातवाची शाळा, एखादे दोन हंगाम पाहायला मिळतात. घरच्या माणसांना ही वर्षे लाखमोलाची असतात.

आपल्या गोष्टीतल्या मुलाने डॉक्टरांचे सारे ऐकून घेतले. आईच्या रक्ताची तपासणी करायचे ठरले. नाशिक रोडला उतरून तो संध्याकाळी घरी आला. सगळी माणसे ओसरीवर बसली होती. नणंदही होती. तो आधी आईजवळ गेला नाही. दारात उभ्या असलेल्या बायकोला त्याने सगळ्यांदेखत सांगितले, "डॉक्टर म्हणाले, तुझी काही चूक नाही. गोळी उशिरा दिल्यानं हे झालेलं नाही. बागेत डाऊनीचं होतं, तसंच हे आहे."

नणंदेने मान खाली घातली. थोड्या वेळाने ती उठली आणि वहिनीच्या हातातली परात घेऊन म्हणाली, "द्या इकडं, भाकरी मी करते. तुम्ही जरा आईजवळ बसा."